जहाजावरच पुढच्या सफरीचं बुकिंग: करावं की थांबावं?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आधी मधुमेहावर बोलणं झालं, मग मृत्युपत्रावर झालं. त्यानंतर समितीनं मला क्रूझवर बोलायला सांगितलं. म्हणजे पथ्य झालं, निरवानिरव झाली, आता मजा. पण 'क्रूझ' हा विषय फार मोठा आहे. जेवण कसं असतं, बोट लागते का, कपडे कोणते न्यायचे, हे सगळं तुम्ही एकमेकांना विचारताच. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी मला हाच प्रश्न सारखा विचारला जातो: "ताई, जहाजावर असतानाच पुढच्या ट्रिपचं बुकिंग देतात, ते स्वस्त पडतं म्हणे. घ्यावं का?"

आधी माझी ओळख या विषयापुरती सांगते. मी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले. आम्ही दोघांनी आजवर चार समुद्रसफरी केल्या: एक मुंबई-गोवा, एक सिंगापूरहून, एक भूमध्य समुद्रातली आणि मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा अलास्काची. मी कुणाची एजंट नाही. तुम्ही बुकिंग केलंत किंवा नाही केलंत, मला त्यातून काही मिळत नाही.

आपल्यातल्या ज्येष्ठांनी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट पकडलेली आहे. ट्रंक, वळकटी आणि डबा घेऊन लोक चढायचे, आपापल्या बंदरात उतरायचे. उतरताना कुणी विचारलं नाही की पुढच्या वर्षीचं तिकीट आत्ताच काढता का! आताच्या मोठ्या जहाजांवर मात्र त्यासाठी खास काउंटर असतो. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर त्याला 'नेक्स्टक्रूझ' म्हणतात, नॉर्वेजियनच्या योजनेचं नाव 'क्रूझनेक्स्ट'. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्यांत 'फ्यूचर क्रूझ डिपॉझिट' असा प्रकार आहे. नावं वेगळी, कल्पना एकच: माणूस खूष आहे, पोट भरलेलं आहे, समोर समुद्र आहे, तेवढ्यात त्याच्याकडून पुढच्या वेळचा शब्द आणि थोडे पैसे घ्यायचे.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. हा सरळ धंदा आहे. एकदा आलेलं गिऱ्हाईक परत आणणं हे नवं शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही माहीत असतं. कंपनीला दीड-दोन वर्षं आधी खोल्या भरलेल्या दिसतात, पैसे आधी हातात येतात. त्या बदल्यात ती आपल्याला काही सवलती देते. आपण बघायचं ते एवढंच, की सवलतीच्या बदल्यात आपण काय देतोय.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी पंचवीस वर्षांपूर्वी आपला फ्लॅट कागदावर बघून बुक केला. पाया भरला नव्हता, रस्ता झाला नव्हता. लवकर बुक करणाऱ्याला भाव कमी पडला, हवा तो मजला मिळाला, पूर्वेचं तोंड मिळालं. पण जे थांबले त्यांना तयार घर डोळ्यांनी बघता आलं. दोघांपैकी कुणाला वेड्यात काढता येईल का? नाही. प्रत्येकाची गरज वेगळी होती. आणि तेव्हाही शहाण्या माणसानं भाव विचारायच्या आधी विचारलं होतं, "बुकिंग रद्द केलं तर पैसे परत किती मिळणार?" क्रूझच्या काउंटरवर नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

आता फायद्याची बाजू बघू, आणि ती प्रामाणिकपणे बघू.

पहिला फायदा, डिपॉझिट कमी लागतं. घरून बुक करताना जी रक्कम भरावी लागते तिच्या मानानं जहाजावर बऱ्याचदा थोडक्यात काम होतं. प्रिन्सेसची अशी ठेव अनेक वर्षं माणशी १०० डॉलर होती.

दुसरा, ऑनबोर्ड क्रेडिट. म्हणजे पुढच्या सफरीत जहाजावर खर्च करायला मिळणारी रक्कम. कॉफी, फोटो, बंदरावरची सहल यांत ती वापरता येते. पण लक्षात ठेवा, ही रोख रक्कम नव्हे. वापरली नाही तर बहुतेक वेळा ती सफरीबरोबरच संपते.

तिसरा, खोली निवडता येते. आणि हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. नकाशावर सगळ्या केबिन सारख्या दिसतात. पण जहाजावर असताना तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता की कुठली खोली लिफ्टजवळ आहे, कुठल्या खोलीच्या डोक्यावर रात्री बारापर्यंत गाणी वाजतात, कुठे बाल्कनीसमोर लाइफबोट लटकते. गुडघे दुखणाऱ्याला लिफ्टपासूनचं अंतर हे सवलतीपेक्षा महत्त्वाचं. शिवाय जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. अशा खोल्या लवकर जातात.

चौथा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. पुढचं काहीतरी ठरलेलं असलं की माणूस बरा राहतो. तारीख नक्की असली की आमच्या घरात गुडघ्यांचे व्यायाम कुणी आठवण न करता होतात, आणि संध्याकाळचं चालणंही चुकत नाही!

आता दुसरी बाजू.

जहाजावर तुलना करता येत नाही. इंटरनेट महाग, कधी मंद. शेजारच्याला फोन करून भाव विचारता येत नाही. शेवटच्या दिवशी, जेव्हा जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, तेव्हा त्या काउंटरवर रांग असते. मागचा माणूस घड्याळ बघत असतो. समोरची मुलगी गोड बोलते, आणि बऱ्याच जहाजांवर या मंडळींना झालेल्या बुकिंगवर मोबदला मिळतो. तिचं काम ती चोख करते. आपलं काम आपण करायला हवं.

मग चलनाचा प्रश्न. इथे माझी नोकरी कामाला येते. मुंबईहून सुटणाऱ्या देशी जहाजाचं भाडं रुपयांत असतं, तिथे ही डोकेदुखी नाही. पण परदेशी जहाजावर व्यवहार डॉलरमध्ये किंवा युरोत. समजा दोघांचं सात रात्रींचं भाडं १६०० डॉलर आहे. हे फक्त उदाहरणासाठी गोल आकडे बरं का. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार अनेकदा साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १६०० वर ५६ डॉलर आणि वर १० डॉलर, एकूण ६६. काउंटरवर तुम्हाला १०० डॉलरचं क्रेडिट मिळालं म्हणून तुम्ही आनंदात, आणि ६६ डॉलर कार्डानं अलगद काढून घेतले. शिवाय ते १०० डॉलर जहाजावरच खर्च करायचे, हे ६६ मात्र खरे.

आणि रुपया जागेवर थांबत नाही. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्ट रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशीच्या. आज २०० डॉलर डिपॉझिट भरलं तरी उरलेले १४०० डॉलर सफरीच्या साधारण अडीच-तीन महिने आधी भरायचे असतात, आणि ते त्या दिवसाच्या भावानं. मधल्या काळात डॉलर चार रुपयांनी वाढला तर ५६०० रुपये जास्त. 'आजचा भाव पक्का झाला' असं आपण समजतो, पण पक्का झालेला असतो तो डॉलरमधला भाव, रुपयातला नव्हे.

भाड्यात काय धरलं आहे तेही विचारायला हवं. अमेरिकन पद्धतीच्या मोठ्या जहाजांवर सेवाशुल्क, म्हणजे टिप, माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर वेगळी लागते. दोघांच्या सात रात्रींचे दोनशेच्या वर डॉलर झाले. इथल्या टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये हे कधी धरलेलं असतं, कधी नसतं. शिवाय परदेशी टूर पॅकेज इथून घेतलं की टीसीएस भरावा लागतो. तो रिटर्नमध्ये वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकतात. म्हणून दोन भाव शेजारी ठेवताना दोन्हीकडे सारख्याच गोष्टी धरा.

पुढची अडचण खास आपल्या पासपोर्टाची. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस जहाजावर बुकिंग करतो आणि घरी जातो, विषय संपला. आपल्याला व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा सफरीच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी मागता येतो. म्हणजे दीड वर्षानंतरची सफर पक्की केली, तर पहिलं वर्षभर तुम्हाला अर्जही करता येत नाही. विमानाचं तिकीटही साधारण अकरा महिन्यांच्या आतच मिळतं. जहाज पक्कं, पण तिथवर पोचायचं कसं ते अधांतरी.

अलास्काचं उदाहरण घ्या. आपल्यातल्या अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत, दहा वर्षांचा व्हिसा हातात आहे, म्हणून वाटतं की सिएटलहून अलास्काचं जहाज पकडलं की झालं. पण अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसती अमेरिकन बंदरं करत प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि बहुतेक क्रूझजहाजं परदेशी झेंड्याचीच असतात. म्हणून सिएटलहून सुटणारं जहाज सहसा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यानं कॅनडाच्या व्हिसाचंही आधीच बघायचं. काउंटरवरची मुलगी हे आपणहून सांगेलच असं नाही. तिच्यासमोर दिवसभर येणाऱ्या बहुतेकांना त्याची गरजच नसते.

आता मी मुख्य मुद्द्यावर येते. जहाजावर दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि आपण दोन्हींना 'बुकिंग' म्हणतो.

एक असते मोकळी ठेव. जहाज नाही, तारीख नाही. फक्त थोडी रक्कम ठेवायची, पुढे ठरावीक मुदतीत कुठलीही सफर निवडायची आणि सवलत घ्यायची. नाही जमलं तर काही कंपन्या ती रक्कम परत करतात, काही करत नाहीत.

दुसरं असतं बांधील बुकिंग. अमुक जहाज, अमुक तारीख, अमुक खोली. यातही दोन प्रकार. डिपॉझिट परत मिळणारं आणि न मिळणारं. न मिळणाऱ्याचं भाडं कमी दाखवतात, म्हणून डोळे तिकडेच जातात. रॉयल कॅरिबियनच्या अशा न मिळणाऱ्या डिपॉझिटवर अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे जहाज किंवा तारीख बदलायची तर माणशी १०० डॉलर पडतात. म्हणजे जेवढी सवलत मिळाली, तेवढी एका बदलात गेली.

आमच्या तिसऱ्या सफरीत आम्ही मोकळी, परत मिळणारी ठेव घेतली. त्यानंतर चारच महिन्यांनी यांच्या छातीत दुखलं आणि बायपास झाली. तुमच्यातले कितीतरी जण तेव्हा रात्री दवाखान्यात बसले होते, ते मी विसरलेले नाही. त्या दिवसांत क्रूझ हा विषयच डोक्यात नव्हता. कुठली तारीख चुकणार नव्हती, कुणाला पत्र लिहायचं नव्हतं, कुणाशी वाद घालायचा नव्हता. पैसे तिथेच पडून होते. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा त्याच ठेवीवर आम्ही अलास्काला जाऊन आलो.

त्याच सुमारास आपल्याच सोसायटीतल्या एका कुटुंबानं, मी नाव सांगत नाही, दुसऱ्या एका जहाजावर पुढच्या मे महिन्याची पक्की तारीख घेतली होती, डिपॉझिट परत न मिळणारं. वहिनी जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणावर आणि भाऊ रोज कंपनीला ईमेल करतायत. रक्कम गेलीच. पण मला पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होत्या, "माझ्यामुळे यांचे पैसे बुडाले." हाड मोडलेल्या माणसाच्या मनावर हे ओझं कशाला? साठीनंतर आपण दीड-दोन वर्षांपुढची तारीख घेतो, तेव्हा किमतीत हेही धरलं पाहिजे. प्रवासविमा घ्यायचा, जरूर घ्यायचा, पण जुन्या आजाराबद्दल आणि सफर रद्द झाल्याबद्दल पॉलिसीत काय लिहिलं आहे ते वाचून घ्यायचा.

आणि आजारी माणसंच पडतात असं नाही, कंपन्याही पडतात. मुंबईहून 'कर्णिका' हे जलेश क्रूझेसचं जहाज २०१९ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! करोना आला आणि २०२० च्या ऑक्टोबरात ती कंपनी बंद झाली. सिंगापूरहून ज्या स्टार क्रूझेसनं आपल्यातल्या अनेकांना पहिला समुद्र दाखवला, तिची मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ही काही गल्लीतली दुकानं नव्हती. म्हणून दोन वर्षांपुढच्या सफरीसाठी जेवढी रक्कम अडकवायची ती लहान असावी, आणि शक्यतो क्रेडिट कार्डानं भरावी. सेवा मिळालीच नाही तर कार्डाच्या बँकेकडे मुदतीत तक्रार नोंदवता येते. रोख दिलेल्या पैशांना तो आधार नाही.

म्हणजे बांधील बुकिंग कधीच करू नये का? तसंही नाही. समजा आजी-आजोबा, मुलगा-सून, लेक-जावई आणि नातवंडं अशा तीन पिढ्या नाताळच्या सुट्टीत एकत्र जाणार आहेत. मधलं दार उघडणाऱ्या शेजारच्या खोल्या हव्या आहेत. अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात आणि सुट्टीच्या आठवड्यात सर्वांत आधी संपतात. तिथे शेवटच्या क्षणी मिळणाऱ्या स्वस्त भाड्याची वाट बघणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी कोकणकन्येचं तिकीट शोधणं. त्यांनी दीड वर्ष आधी, जहाजावरच, खोल्या डोळ्यांनी बघून बुक कराव्यात. थोडं भाडं जास्त पडलं तरी डिपॉझिट मात्र परत मिळणारं घ्यावं.

उलट, आम्हा निवृत्तांना सुट्टीची अडचण नाही. कुठलाही आठवडा चालतो. जहाज सुटायच्या काही आठवडे आधी खोल्या रिकाम्या राहिल्या तर भाडी उतरतात, आणि ती पकडायला आपणच मोकळे असतो. आपली मोकळीक हीच आपली सवलत. ती शंभर डॉलरच्या क्रेडिटसाठी विकायची का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की निर्णय जहाजावर घ्यायचाच नाही. तो घरी, जेवणाच्या टेबलावर, दोघांनी मिळून घ्यायचा: पुढची सफर कुठे, साधारण केव्हा, आणि किती रुपयांपर्यंत. इथल्या एजंटकडून त्या सफरीचा आजचा भाव कागदावर लिहून घ्यायचा आणि तो कागद पाकिटात ठेवायचा. जहाजावर जाऊन फक्त ताडून बघायचं. काउंटरवर शेवटच्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी जायचं, जेव्हा गर्दी नसते. आणि पाच प्रश्न विचारायचे.

१. डिपॉझिट परत मिळतं का? कुठल्या तारखेपर्यंत, आणि रोख की पुढच्या सफरीसाठी जमा?
२. तारीख किंवा जहाज बदलता येतं का? किती वेळा, काय आकारून?
३. भाडं कुठल्या चलनात, आणि त्यात कर, बंदरशुल्क, टिप धरली आहे का?
४. पूर्ण पैसे भरायच्या आधी भाडं उतरलं तर फरक मिळतो का?
५. हे बुकिंग माझ्या इथल्या एजंटकडे सोपवता येतं का, आणि किती दिवसांत?

पाचवा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण उद्या काही अडलं तर परदेशातल्या कॉल सेंटरला रात्री दोन वाजता फोन लावण्यापेक्षा नाक्यावरच्या ऑफिसात जाऊन बसता येणं केव्हाही बरं. पाचही उत्तरं लेखी घ्या. तोंडी "डोंट वरी" ला अर्थ नाही.

शेवटी आपल्या सोसायटीच्या सामूहिक सफरीबद्दल. रौप्यमहोत्सवानंतर पंधरा-वीस कुटुंबांनी एकत्र जावं अशी कल्पना आहे. फार छान आहे. पण कुणी एकानं उत्साहात जहाजावरून सगळ्यांच्या खोल्या धरू नयेत. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत साधारण ८ खोल्यांपासून पुढे ग्रुप समजतात, त्याचे भाव आणि नियम वेगळे असतात, आणि ते जमिनीवर बसून, दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवावे लागतात. प्रत्येकानं आपले पैसे आपल्या नावानं भरावेत, म्हणजे कुणाची तब्येत बिघडली तर दुसऱ्याची पंचाईत होत नाही. आणि खजिनदारांना निर्धास्त करते, जहाजासाठी सोसायटीचा सिंकिंग फंड कुणी मागणार नाही. त्या नावाचा फंड घेऊन जहाजावर चढायचं धाडस माझ्यात नाही!

पाच प्रश्नांचा कागद मी नोटीस बोर्डावर लावला आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुणाला आपल्या बुकिंगच्या अटी वाचून बघायच्या असतील तर बी विंगमध्ये या, चष्मा घेऊन एकत्र बसू, चहा मी टाकते.